राखणेखालची माती

खारवाडीच्या बांधावर भाई ठेकेदाराने चुन्याच्या फक्कीने गोल काढून ठेवले होते. मी गाडीतून उतरते न उतरते तोच तो हसत पुढे आला. "मॅडम, हंयसर खणा. तुमका उगाच उन्हात फिराक नको म्हणान आधीच जागे करून ठेवलंय." गोलांच्या आतली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा गडद दिसत होती. म्हणजे तेवढ्याच जागी वेगळं पाणी मारून वेगळी ठोकाठोक झाली होती. पेपर फुटतो तेव्हा निदान चोरून फुटतो, इथे पेपर काढणारीलाच उत्तरं वाचून दाखवत होते. मला पहिल्या मिनिटालाच त्या माणसाची किळस आली, आणि नंतर ती कमी व्हावी असं त्याने काही केलं नाही.

मी अनुजा, मसुऱ्याची. माती तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये इंजिनिअर आहे. रस्ता, बांध, इमारतीचा भराव, जिथे म्हणून माती ओतून वर रोलर फिरवतात, तिथे ती खरोखर दबली आहे की नुसती वरून सारवली आहे, हे मी बघते. माझ्या आईला अजून वाटतं की मी कुठेतरी सरकारी ऑफिसात बसते आणि लाजेपोटी खरं सांगत नाही.

काम तसं कोणालाही समजेल असं आहे. आधी लॅबमध्ये ती माती साच्यात घालायची, पाणी कमीजास्त करून ठोकत राहायचं आणि ती जास्तीत जास्त किती घट्ट बसू शकते ते काढायचं. मग बांधावर येऊन तांब्याएवढा खड्डा खणायचा आणि निघालेली माती वजन करायची. खड्ड्याचं माप पट्टीने घेता येत नाही, कारण त्याच्या भिंती वेड्यावाकड्या असतात. म्हणून तो चाळलेल्या कोरड्या वाळूने भरायचा. ही वाळू पत्र्याच्या सिलिंडरमध्ये असते, खालची झडप उघडली की खड्ड्यात उतरते आणि खड्डा भरला की आपोआप थांबते. किती वाळू गेली त्यावरून खड्डा केवढा ते कळतं. मातीचं वजन भागिले खड्डा, त्यातून पाण्याचा हिस्सा काढून टाकायचा. उरलेला आकडा लॅबच्या आकड्याच्या निदान पंच्याण्णव टक्के आला पाहिजे. त्याहून कमी असेल तर माती सैल, आणि सैल मातीत पाण्याला वाट मिळते.

खारवाडीत पाण्याला वाट मिळून चालणार नव्हतं. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताचे कुणगे, माड आणि अगदी बांधाच्या पायथ्याशी सत्यवती काकीचं घर. तिच्या अंगणात विहीर. वाडीतल्या बाकीच्या विहिरी शिमगा झाला की मचूळ होतात, हिची मे महिन्यातही गोड. सगळी वाडी तिथे कळशा घेऊन येते. वाडीत आता घरटी होम स्टे आहेत, त्यांच्या पाहुण्यांचा चहादेखील त्याच पाण्याचा. जुना बांध वादळात फुटला तेव्हा खाडी अंगणापर्यंत आली होती आणि काकी विहिरीच्या कठड्याला धरून रडली होती, असं वाडीत अजून सांगतात. नवा बांध घालायचा तो मुख्यतः त्या विहिरीसाठी.

तर मी चुन्याचे गोल ओलांडले आणि मला पाहिजे तिथे खणलं. माझ्याबरोबर लॅबचा आकिब होता. चाळिशीचा, बंदरावरच्या घरातला, हाताने नीट आणि तोंडाने फटकळ. त्याने खड्डा केला, मी वजनं घेतली. ओली घनता एक पूर्णांक नव्वद, ओलावा सोळा टक्के, म्हणजे कोरडी घनता एक पूर्णांक चौसष्ट. लॅबचा आकडा एक पूर्णांक सत्तर. शहाण्णव टक्के. पास. पुढे दुसरीकडे खणलं, पंच्याण्णवला जेमतेम लागलं. तेही पास. भाई माझ्या मागे उभा राहून गुटखा चघळत होता. "आमचा काम असाच असता," तो म्हणाला. मला बरं वाटलं असं खोटं कशाला सांगू? तो नापास व्हावा अशी माझी फार इच्छा होती.

मग आम्ही बांधाच्या मधल्या भागाशी आलो. तिथे पूर्वी खाडीची एक खोल नाळ आत शिरत असे, म्हणून तिथला भराव सगळ्यात उंच. बरोबर काकीच्या विहिरीसमोर. आणि नेमका त्याच जागी, बांधाच्या मधोमध, शेंदूर फासलेला एक काळा दगड बसवला होता. त्याच्यापुढे नारळ, अबोलीची वेणी, विझलेल्या उदबत्त्या आणि काठीला बांधलेलं लाल फडकं.

"हंय नको," भाई म्हणाला आणि त्याने चपला काढल्या. मोठ्या भक्तिभावाने काढल्या. "राखण आसा. माझ्या सपनात राखणदार इलो. म्हणालो, माका जागा दी, मी बांध सांभाळतंय. तेच्यामुळे तर काम असां झालां."

आमच्याकडे राखणेच्या, म्हणजे जमिनीची राखण करणाऱ्या देवाच्या, जागेवर कोणी फावडं लावत नाही. मीही लावत नाही. मसुऱ्याला आमच्या बागेत कोपऱ्यावर राखणदाराचा दगड आहे, त्याच्याभोवतीचं गवतसुद्धा माझे काका विळा बाजूला ठेवून हाताने उपटतात. रस्ता करताना तो दगड मध्ये आला तर रस्ता वळतो. हे सगळं भाईला पक्कं ठाऊक होतं. बाहेरचा ठेकेदार असता तर त्याने लाच देऊ केली असती. हा आमच्यातलाच, म्हणून त्याने देव बसवला.

आकिबने हातातली छिन्नी खाली ठेवली. "ताई, माका सांगू नको," तो हळू आवाजात म्हणाला. "ह्या दगडाक माझो हात लागलो तर हो मनीस उद्या भलतीच बोंब मारतलो. मगे माती रवली बाजूक आणि आमचीच घरां सांभाळूक लागतली."

त्याचं शंभर टक्के खरं होतं. भाईने ते ऐकलं आणि तो ओशाळला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर आपली युक्ती कोणाच्यातरी लक्षात आल्याचं समाधान दिसलं.

मी सरळ खाली काकीच्या अंगणात गेले. ती आमसुलं वाळत घालत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की पलीकडच्या काठावर होडी थांबावी. मी विचारलं, "काकी, समोर बांधावर राखण होती का हो पूर्वी?"

ती हसली. "खंयची राखण? थंय नाळ होती गो. कांदळां आणि चिखोल. माझो सासरो थंय कुर्ल्यो पकडी. चिखलात खंयचो राखणदार रवतलो?"

"मग तो दगड?"

"तो भाईन आणून ठेवलो. माका वाटला, ठेयना का. देवाचा नाव घेतला तर बिघडता काय?"

मी तिला सांगितलं की बिघडतं. सांगितलं की सगळ्यात उंच भराव तिथे आहे, खाडीचं पाणी सगळ्यात आधी तिथून येईल आणि आलं तर थेट तिच्या विहिरीत उतरेल, आणि तेवढीच जागा मला तपासू देत नाहीत. तिने हातातली आमसुलं सुपात टाकली, पदराला हात पुसले आणि उठली. "चल. माझ्या बावीचो प्रश्न आसा. बाव म्हणजे माझो जीव." बाव म्हणजे विहीर. बांधाचा चढ ती माझ्या हाताला न धरता चढली.

भाई काही बोलायच्या आत तिने दगडापुढचा नारळ उचलला, वेणी उचलली, दगडाला नमस्कार केला आणि म्हणाली, "म्हाराजा, खरो असलंस तर माफ कर, खोटो असलंस तर तुझो तूच बघ." मग दगड स्वतः ढकलून बाजूला केला. मला त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले. भाई फोन कानाला लावून लांब गेला.

खड्डा मीच खणला. वरचा थर ठीक होता, तांबडी माती, रोलर फिरलेली. वीतभर खाली छिन्नी एकदम आत गेली, लोण्यात जावी तशी. मी माती काढून पिशवीत घातली, ट्रे बसवला, सिलिंडर ठेवला आणि झडप उघडली.

वाळू उतरायला लागली. ती उतरतच राहिली. एवढ्याशा खड्ड्याला किती वाळू लागते ते आकिबला आणि मला इतकं पाठ आहे की आम्ही एरवी बोलत बसतो. आता आम्ही दोघांनी कान लावला. आतून वाळू घसरल्याचा बारीक आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता. थोड्या वेळाने सिलिंडर रिकामं झालं. आकिबने राखीव पिशवीतली वाळू ओतली. तीही गेली. खड्डा तसाच, तळ दिसेना.

"ह्याचा हिशोब कसो करूचो?" आकिब म्हणाला. हिशोब होतच नव्हता. भागायला खड्ड्याचं मापच नव्हतं.

मी खड्डा रुंद केला. आधी वास आला. कुजलेलं मासळीचं पाणी आणि त्यात काहीतरी गोडसर, बाळाच्या लंगोटासारखं. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, नुसत्या बाटल्या, चेपलेल्या, न चेपलेल्या, झाकणासकट. वाळू त्यांच्यामधून खाली पळाली होती. मासळीच्या थर्मोकोलच्या पेट्या. कोळंबीची टरफलं, त्यात वळवळणारे पांढरे किडे. वापरलेली डायपर, काळं पाणी प्यायलेली. मी हातमोजे घातले होते तरी तो ओलसरपणा मला बोटांना लागला. मी तोंड फिरवून दोनदा श्वास घेतला आणि परत हात घातला, कारण मला भाईच्या समोर सगळं बाहेर काढून ठेवायचं होतं. संताप असला की घाण सोसते.

आणि मग कागदी रुमालांचं एक गच्च बंडल आलं. भिजून फुगलेलं, पण वरची छपाई शाबूत होती. माडाचं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरात 'सत्यवती निवास, घरगुती जेवण'. काकीचा मुलगा विनीत होम स्टे चालवतो आणि त्याने त्याला आईचं नाव दिलं आहे.

काकीला फार वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव येतं. ती खाली वाकून बघत राहिली. तोवर विनीत आलाच. भाईने फोन त्यालाच केला होता. त्याने रुमालांकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि माझ्यावर खेकसला, "ताई, तुमका माती तपासूक बोलावल्यानी की कचरो उपसूक?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, कचऱ्याबरोबर. वाडीत कचरा न्यायला गाडी येत नाही. पाहुण्यांचा रोजचा ढीग करायचा काय? नाळ भरायला माती लांबून आणावी लागत होती आणि भाईला ती आणायची नव्हती. त्याने सगळ्या होम स्टेवाल्यांना सांगितलं, टाका बिनधास्त. पूर्ण पर्यटनाचा मोसम वाडीचा टेंपो नाळेत खाली होत राहिला. विनीतचा, शेजारच्यांचा, सगळ्यांचा. नाळ भरली, वर वीत-दीड वीत तांबडी माती पसरली, रोलर फिरला. आणि वर देव ठेवला. एकट्या भाईची किळस येत होती तोवर मला बरं होतं. आता सगळ्या वाडीची आली. ज्या विहिरीचं पाणी रोज पितात तिच्या उशाशी स्वतःची घाण पुरून, वर चपला काढून नमस्कार करणारी माणसं.

काकीने रुमालांचं ते बंडल उचललं, पदराखाली घेतलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी बांधाचं काम काढणाऱ्या सरकारी कार्यालयात जाऊन तिथल्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. त्यांच्या टेबलावर कुठल्यातरी उद्घाटनाचं शोभेचं फावडं ठेवलेलं होतं. ते म्हणाले, "वाळूची चाचणी पोकळीमुळे फसली तर ती चाचणी रद्द धरायची आणि शेजारी दुसरी जागा घ्यायची. नियम तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होता. नियम चांगला आहे. उंदराचं बीळ, झाडाचं मूळ, असल्या गोष्टींमुळे एखादा खड्डा फसतो, तेव्हा त्या एका खड्ड्यावरून सगळा बांध नापास करू नये म्हणून तो केला आहे. पण इथे त्याचा अर्थ असा झाला की माती थोडी सैल असती तर नापास झाली असती, आणि मातीच नाही म्हणून नापास करता येत नाही. नव्वद आले असते तर मी लाल शाईने लिहिलं असतं. इथे आकडाच आला नाही, आणि आकडा आला नाही म्हणजे साहेबांच्या लेखी काही घडलं नाही.

"मी शेऱ्यात लिहीन," मी म्हटलं.

"जरूर लिहा. पण बांध उघडून बघायचा तर खर्च कोणी मंजूर करायचा? तुम्ही हरकत घेऊ शकत नाही, तुम्ही लॅब. लगतच्या जमीनमालकाने हरकत घेतली, तर आम्हाला उघडावाच लागेल. तिथे लगत कोण आहे?"

एकच माणूस लगत होतं. मी तशीच गाडी घेऊन खारवाडीला गेले. सगळ्या रस्त्याने मला खात्री होती. जी बाई माझ्यासमोर दगड ढकलते, ती एक हरकत घेणार नाही?

काकी ओटीवर बसली होती. विनीत आतल्या दाराशी उभा. बांधावर दगड पुन्हा जागेवर आला होता, आता त्याच्याखाली सिमेंटचा छोटा चौथरा होता आणि वर नवीन फडकं. मी काकीला सांगितलं की तिने तोंडी जरी सांगितलं तरी चालेल, मी साहेबांना इथे घेऊन येते, बांध तेवढाच उघडतील, घाण काढतील, माती नीट भरतील, विहीर वाचेल.

तिने सुपाची कड चाचपली. मग म्हणाली, "थंय राखण आसा, बाय. खणाचा नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काकी, तुम्हीच म्हणालात, तिथे चिखल होता."

"चिखलात देव नसता असां खंय लिवलेला आसा?"

"तुम्ही स्वतः नारळ उचललात."

"माझी चूक झाली ती."

"तुमची विहीर जाईल."

यावर ती रागावली. तिचा आवाज पलीकडच्या काठावर गेला असेल. "जाईत तर माझी जाईत. बांध उघडलो तर काय काय वरती येतला ता तू बघलंस मा? नाव छापलेला आसा तेच्यार. माझा. फोटो काढतले, मोबाइलार घालतले. कोण येतलो मगे ह्या वाडीत रवाक? माझ्या झिलान कर्ज काढून खोल्यो बांधल्यान. घराघरातल्या सुनांनी बांगडे तळून दिवस काढल्यानी. तू सगळ्या वाडीक नागडी करतलंस."

मी खूप बोलले. बोलायला नको होतं तेही बोलले. मी म्हटलं, वाडी नागडी आहेच, फक्त वास दाबून ठेवलाय. मी म्हटलं, पाहुण्यांना वाढता ते पाणी बाळांच्या डायपरमधून गाळून येणार आहे, वाढाल? विनीत पुढे आला आणि म्हणाला, "ताई, आता निघा." काकीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या दिवशी तरी मला त्याची दया आली नाही. तिचीही किळस आली, आणि ती मला सगळ्यात जड गेली.

मी शेऱ्यात लिहिलं. स्वच्छ, मोठ्या अक्षरात. चाचणी रद्द, भरावात प्लास्टिक व कुजणारा कचरा, भाग उघडून पुन्हा भरावा. साहेबांनी लॅबच्या मालकाला फोन केला, लॅबच्या मालकाने दुसरा माणूस पाठवला, दुसऱ्या माणसाने चुन्याच्या गोलात खणलं. सत्त्याण्णव. बांधाचं काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि भाईने वाडीला जेवण घातलं. जेवणाच्या पत्रावळी कुठे टाकल्या ते मी विचारलं नाही.

पाऊस बरा झाला. पावसाच्या पाण्याचा जोर होता तोवर विहीर ठीक होती. गणपती गेले आणि त्यानंतरच्या अमावास्येला मोठं उधाण आलं. बांध फुटला नाही. बांध फुटला असता तर निदान सगळ्यांनी बघितलं असतं. तो मधल्या भागात थोडा खचला, दगडाच्या चौथऱ्याला तडा गेला आणि पायथ्याशी ओल फुटली. काळी, साबणासारखा फेस असलेली ओल. ती कुणग्यात उतरली, कुणग्यातून अंगणात. विहिरीवर तेलकट साय आली. आकिबने मला फोन करून सांगितलं. त्याच्या बहिणीच्या घरी खारवाडीतून कोळंबी येते, तिने आणलेली बातमी. "बावीचा पाणी ढोरांनी तोंडाक लावूक नाय," तो म्हणाला.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. आवाज मऊ होता. बांधाची पाहणी करायची आहे, तुम्हीच जा, तुम्हाला जागा माहीत आहे. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता तरी उघडतील. आता लपवायला काय उरलं होतं?

मी पोचले तेव्हा सगळी वाडी बांधावर जमलेली होती. बायका, पुरुष, होम स्टेवाले, भाई. दगडापुढे केळीचं पान, त्यावर नारळ. मला वाटलं गर्दी माझी वाट बघते आहे, आणि ते खरंच होतं. वाडीचे मानकरी बाबूकाका, जे देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतात, त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. "ये गो बाय. तुझ्यासाठीच थांबलंव. तुझ्या हातून नारळ ठेवूक होयो."

"कशासाठी?" मी विचारलं.

त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. मला रागावून नाही, अगदी प्रेमाने सांगितलं. राखणेच्या जागेवर फावडं लागलं. नारळ हलवला गेला, दगड सरकवला गेला. राखणदार रागावला, त्याने विहीर नासवली. तू शिकलेली, तुला कळलं नसेल. तुझ्यावर कोणाचा राग नाही. नारळ ठेव, चूक कबूल कर, तो पोटात घालील.

मी हसले. मला हसूच आलं. मग बघितलं तर कोणीच हसत नव्हतं. मी म्हटलं, "पायाखाली तुमचा कचरा आहे, बाबूकाका. तुम्ही टाकलेला. त्याचं पाणी विहिरीत गेलंय. आत्ता खणा, आत्ता दाखवते."

"बघितलंत?" भाई मागून म्हणाला. "अजून खणाकच बघता."

"आणि दगड मी सरकवला नाही," मी म्हटलं. "नारळही मी उचलला नाही. विचारा काकींना."

सगळे काकीकडे वळले. ती पहिल्या रांगेत होती, विनीतच्या शेजारी. तिची नजर पायाशी होती. ती म्हणाली नाही की मी उचलला. ती म्हणाली नाही की अनुजाने उचलला. तिने काहीच म्हटलं नाही, आणि लोकांनी त्याचा त्यांना पाहिजे तो अर्थ घेतला.

मी नारळ हातात घेतला नाही. बाबूकाकांनी तो स्वतः ठेवला आणि डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा राखणदारा म्हाराजा, आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाशी जमा झाली आसत…"

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"ह्या परक्या चेडवाच्या हातून तुझ्या जाग्यार जी काय आगळीक झाली आसात, ती पोटात घाल…"

"व्हय म्हाराजा."

"आणि आमच्या बावीचा पाणी होता तसां गोड कर म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा." टेंपो चालवणारे म्हणाले, रुमाल छापून घेणारा म्हणाला, कचरा ओतून घेणारा तर सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाला. आणि त्यांच्यात एक आवाज असा होता की तो पलीकडच्या काठावरही ऐकू गेला असेल. ती डोळे घट्ट मिटून म्हणत होती.

सगळं उरकल्यावर लोक पांगले. भाई कोणाला तरी तडा बुजवायला सिमेंट आणायला सांगत होता. काकी खोबऱ्याचा तुकडा घेऊन माझ्याकडे आली आणि तिने तो माझ्या हातावर ठेवला. जवळून तिच्या लुगड्याला त्याच ओलीचा वास येत होता. "बाय, तुझा काय जाता?" ती अगदी हळू म्हणाली. "तू आता गाडीत बसान जातलंस. माका ह्यांच्यातच रवाचा आसा."

"काय पिऊन?" मी विचारलं.

मी तो तुकडा परत तिच्या हातावर ठेवला आणि बांधावरून उतरले.